उरणहून मालवणात: गरी, शिसं, तंगूस काय काय बदलायचं?

खाडीवाला

मंडळी, नोकरीपायी उरण सुटलं, आता मुक्काम मालवण. रॉड, रील, शिशाचा डबा सगळं बरोबर आलंय. आमच्या करंज्याच्या बाजूला, धरमतर खाडीच्या तोंडाशी गणित ठरलेलं असतं. पाणी बारमाही गढूळ, ओढ जबरी. म्हणून शंभर-सव्वाशे ग्रॅमचं शिसं, जाड तंगूस (नायलॉनचा दोर), दोन गऱ्या (गळाचे आकडे), त्यावर कोळंबी नाहीतर बोंबलाचा तुकडा. तळाला सोडायचं, रॉडच्या टोकाला घुंगरू अडकवायचं आणि गप्पा मारत बसायचं. शिंगाळा, पाकट हमखास, कधी दाढा, पावसाच्या तोंडावर नशीब जोरात असेल तर जिताडा.

इथे कातळावरून हेच सामान टाकलं की शिसं कपारीत जातं ते जातंच. पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) टाकलं तर खेकडे गरी चाटूनपुसून परत पाठवतात. आणि शेजारी उभा असलेला शाळकरी पोरगा हातदोरीवर तांबोशी काढतो!

तर प्रश्न असे: शिसं किती? तंगूस किती जाड? ल्यूर (नकली आमिष) घ्यावेत का? भरतीची वेळ कुठली धरायची? आणि तुमच्यापैकी जे एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर गेले, देशात किंवा बाहेर, त्यांना काय बदलावं लागलं तेही लिहा. बोटीतून जाणाऱ्यांनीही लिहा, पण मी सध्या काठावरचाच आहे.

गरीवालो_देवगड

रे बाबा, तुझा सामान उरणच्या पाण्यासाठी बरोबर आसा, हयच्या पाण्यासाठी नाय. थयसर मासो वासावर येता, हयसर डोळ्यान बघून येता. दिवाळीनंतर पाणी निवळला काय दोन-दोन वाव (वाव म्हणजे दोन हात पसारल्याएवढा) खालचो दगड दिसता. मगे तुझो तो दोरखंडासारखो तंगूस माशाक दिसाचो नाय?

शिसा तीस-चाळीस ग्रॅम पुरे. गरी एकच, ल्हान. तंगूस ०.३५ नायतर ०.४० मिलिमीटर जाड. आणि कातळार शिसा थेट मुख्य तंगुसाक बांधू नको. त्याका वेगळो, बारीक, सहज तुटात असो तंगुसाचो तुकडो बांध. अडकला तर शिसा जायत, गरी आणि मासो येयत. शिशार पैसे घालू नको, गॅरेजवाल्याकडसून जुने स्पार्क प्लग माग, तो फुकट देयत.

चिंबोरी

+१ स्पार्क प्लगला. रत्नागिरीला आम्ही पण तेच वापरतो.

डोलकरीण

माहेर सातपाटीचं, सासर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे या धाग्यावर बोलायचा हक्क मला सर्वांत आधी!

वरच्यांनी पाण्याचा रंग सांगितला, पण मूळ कारण ओढ आहे. मुंबईला उधाणाला (अमावास्या-पुनवेच्या मोठ्या भरतीला) पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. मालवण-वेंगुर्ल्याला तेच दोन-सव्वादोन मीटर. खंबातच्या आखातात भावनगरला दहा मीटरच्या आसपास. जितकं पाणी जास्त चढणार-उतरणार तितकी ओढ जास्त, आणि ओढ जास्त की तळाचा चिखल सतत ढवळलेला. उरणचं पाणी गढूळ का, तर म्हणून. खाड्यांचा गाळ आहेच, पण तो बसायला उसंतच मिळत नाही.

जाळ्यांचंही तसंच. आमच्याकडे वसई, अर्नाळा, सातपाटीला डोल. पिशवीसारखं लांबलचक जाळं, तोंड ओढीकडे करून समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधायचं. मासा पाण्याच्या रेट्यानेच आत येतो, माणसाने त्याच्यामागे धावायचं नाही. पाणी फिरलं की जाळ्याचं तोंडही फिरवायचं. उधाणाचे दिवस कामाचे, भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला) ओढ मेली की डोलीचं काम मंदावतं. बोंबील आणि जवळा मिळतो तो याच जोरावर. ही डोल वेंगुर्ल्यात लावली तर रिकामी लोंबकळत राहील.

सासरी आल्यावर रापण बघितली. होडीतून जाळं अर्धगोलात सोडत जायचं आणि दोन्ही टोकं पुळणीवरून माणसांनी ओढायची. त्याला सपाट रेतीची पुळण पाहिजे, शांत पाणी पाहिजे आणि किनाऱ्याला येणारा बांगडा-तारलीचा थवा पाहिजे. सातपाटीच्या चिखलात नि ओढीत रापण टाकून दाखवा कोणी.

खाडीवाला, तुझं शंभर ग्रॅमचं शिसं म्हणजे डोलीच्या मुलखातलं हत्यार आहे. ओढीत आमिष एका जागी थोपवायला ते लागतं. इथे थोपवायचं काही नाही, उलट आमिष जरा हललं तर बरं.

खाडीवाला

हे कोणी आजवर असं सांगितलं नव्हतं. आणखी एक. आमच्याकडे जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. अमावास्या-पुनवेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, साधारण दुपारी बाराच्या आतबाहेर. हे इथे चालतं का?

गरीवालो_देवगड

चालता, पण जरा आधी धर. भरतीची लाट दक्षिणेकडसून उत्तरेक जाता, त्यामुळे हयसर ती मुंबयच्या आधी येता. तिथीन दिवस ठरव आणि घड्याळासाठी मोबायलार त्या त्या बंदराचो भरतीचो तक्तो बघ.

माझी वेळ सांगू? कातळार भरती अर्धी चढली काय ती पुरी भरासर. कपारीतले खेकडे-कोळंबी पाण्याखाली जातत आणि मासो थयसर चराक येता. सुकती (ओहोटी) लागली काय मी खाडीच्या तोंडार जातंय, कारण तेव्हा खाडीतली बारकी बोय भायर पडता आणि मोठो मासो तोंडार वाट बघीत ऱ्हवता. देवबागचो संगम, कालावलची खाडी, कोळंबचो पूल, हय सगळीकडे ह्याच गणित.

पागनीस

गरीवाले, एका गोष्टीवर मतभेद. निवळ पाण्यात ल्यूरच राजा. कोळंबीवर खेकडे, बारीकसारीक मासे सगळेच तुटून पडतात, ल्यूरवर फक्त शिकारी मासा येतो. पहाटे उजाडायच्या आत आणि सूर्य बुडताना चंदेरी मेटल जिग (धातूचा जड ल्यूर) नाहीतर वरच्या पाण्यात पोहणारा ल्यूर फेका. ट्रेव्हली, तोवर, क्वीनफिश असे शिकारी मासे मिळतात.

माझं सामान: नऊ फुटी रॉड, ४००० किंवा ५००० मापाचं रील, २५-३० पौंडी ब्रेडेड (विणलेली) लाइन आणि तिच्यापुढे गरीपर्यंत वावभर ४० पौंडी मोनोफिलामेंटचा, म्हणजे एकपदरी तंगुसाचा, लीडर. ब्रेडेड बारीक असल्याने लांब जाते आणि जरासा धक्का हाताला कळतो. पण कातळावर घासली की ती क्षणात तुटते, म्हणून लीडर जाड. मुंबईत मी सरळ जाड मोनो वापरायचो, तिथे दगडापेक्षा ओढीचा नि कचऱ्याचा त्रास जास्त.

गरीवालो_देवगड

ल्यूर म्हणजे पैशाचा पाणी. पाचशे-सातशेचो खेळणो दगडात गेलो काय दिवसभर जीव जळता. माझी कोळंबी मासळीबाजारात मिळता.

पागनीस

मासळीबाजारातली कोळंबी सध्या काय भाव आहे ते बघितलंत का? :)

मांडवीकर

गोव्यातून. तुमच्या भांडणात मी जिवंत कोळंबीच्या बाजूने! मांडवी-झुआरीत चोणक (तुमचा जिताडा) आणि तामसो (तुमची तांबोशी) या दोघांसाठी जिवंत कोळंबीला तोड नाही. पण ती लावायची कशी यावर सगळं अवलंबून असतं.

कोळंबीच्या डोक्यावरचा करवतीसारखा काटा असतो ना, त्याच्या मुळाशी, कवचातून आडवी गरी घाला. कवचातून आरपार पाहिलं तर आत काळसर ठिपका दिसतो. त्याच्या पुढून घालायची, त्याला टोचायचं नाही. टोचलं तर कोळंबी जागच्या जागी मरते. नीट लावली तर अर्धा तास पाय हलवत पोहते. गरी बारीक तारेची हवी, जाड गरीच्या वजनाने ती बुडते. लीडर दोन हात, शिसं जेमतेम, खाडीत पुलाच्या खांबाजवळ सोडायची आणि ओढीने वाहू द्यायची.

बोय लावायची असेल तर पाणी वाहतं असताना वरच्या ओठातून, पाणी थांबलेलं असताना पाठीच्या पंखापुढे कातडीतून. ओठातून लावलेली बोय ओढीला तोंड करून पोहते, थांबलेल्या पाण्यात मात्र पाठीतून लावलेली जास्त धडपडते.

आणि पागनीस म्हणतात ते निवळ पाण्याचं खरं, पण चोणक गढूळ पाण्यातही ल्यूर घेतो. माशाच्या अंगावर कडेने एक रेष असते, तिने त्याला पाण्यातला कंप कळतो. फक्त ल्यूर सावकाश ओढायचा, आत खुळखुळा असलेला घ्यायचा, रंग गडद नाहीतर भडक पोपटी. चंदेरी नाजूक ल्यूर उरणच्या पाण्यात माशाला नाकावर आदळेपर्यंत दिसणार नाही.

ताटावरचा_रसिक

तांबोशी मिळाल्यावर काय केलं तेवढं कोणी लिहीत नाही. तिरफळ घालून की नुसतं आलं-लसूण?

डोलकरीण

तिरफळ बांगड्याला. तांबोशी भाज आणि गप्प खा.

मस्कतकर

मस्कतमधून. मूळचा मुरुड-जंजिऱ्याचा. इथलं पाणी काचेसारखं आणि किनाऱ्यापासून जवळच एकदम खोल. सुरमईला इथे कनाद म्हणतात. लोक बोटीमागे ल्यूर ओढत जातात किंवा खोल पाण्यात जिग उभा वरखाली झटकतात. मुरुडला उथळ चिखलाच्या तळावर गेलेलं आयुष्य. त्यामुळे जिगिंगला लागणारं आखूड, मऊ टोकाचं, खाली दणकट असं रॉड हातात घेतल्यावर आधी विचित्र वाटलं.

सुरमईचे दात वस्तऱ्यासारखे, म्हणून तार लावावीच लागते. पण निवळ पाण्यात लांब तार दिसते आणि मासा मागे फिरतो. मी वीतभर पातळ तार आणि पुढे फ्लुओरोकार्बन (पाण्यात कमी दिसणारा तंगूस) असा मध्यम मार्ग काढलाय. काही मासे दातांनी तोडून नेतात, नेऊ देत. तार अजिबात न लावणारेही इथे आहेत, त्यांचे ल्यूर जास्त जातात आणि मासेही जास्त मिळतात. तुमच्या खिशाप्रमाणे ठरवा.

इथे १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर सुरमई पकडायला बंदी असते. आपल्याकडे नारळी पुनवेनंतर होड्या बाहेर पडतात आणि इथे तेव्हाच सुरमईला सुट्टी.

चेन्नईतला_रायगडकर

बंदीचा विषय निघालाच आहे तर. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी, तर पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. जूनमध्ये आई फोनवर म्हणते मासळी नाही, आणि त्याच महिन्यात माझ्याकडे बोटी परत सुरू झालेल्या असतात.

चेन्नईला भरती-ओहोटीचा फरक मीटरभराचाच. त्यामुळे वेळ भरतीवरून नाही, तर लाट आणि उजेडावरून ठरते. किनारा उतरता, लाट थेट पायाशी फुटते. बारा-तेरा फुटी लांब रॉड नसेल तर आमिष लाटेच्या पलीकडे पोचतच नाही. अलिबागला सात फुटी रॉडवर निभावलं होतं, इथे ते कपाटात आहे. शिसं इथे मात्र परत जड, पण कारण वेगळं: ओढ नाही, लाट. चार तारांचे पाय असलेलं शिसं रेतीत रुतून बसतं, तसलं घ्यावं लागतं.

जर्सीचा_जोशी

न्यू जर्सी. इथे सगळ्यांचा जीव स्ट्राइप्ड बासवर. वसंतात आणि पानगळीत तो किनाऱ्याने वर-खाली स्थलांतर करतो, तेव्हा सँडी हूकच्या वाळूवर लांब रॉड घेऊन रांग लागलेली असते. आमिष म्हणजे बंकर, तारलीच्याच जातकुळीतला तेलकट मासा.

सामानापेक्षा सवय बदलणं मला कठीण गेलं. २०२१ पासून या माशासाठी आमिष लावायचं असेल तर सर्कल हूक सक्तीचा आहे, म्हणजे टोक आत वळलेली गरी. आपल्याकडे साध्या गरीवर मासा लागला की आपण हिसका देतो. सर्कल हूकवर हिसका दिला की गरी सरळ तोंडातून बाहेर. रॉड हळूहळू वाकू द्यायचा, तंगूस ताणला की सावकाश गुंडाळायला लागायचं, गरी आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसते. मासा गरी गिळत नाही, त्यामुळे सोडून दिलेला जगतो.

आणि सोडावे लागतातच. २०२३ पासून २८ ते ३१ इंच या मापातला एकच ठेवता येतो. खिशात टेप नसेल तर इथे कोणी तुम्हाला मासेमार समजत नाही. खाऱ्या पाण्यासाठी न्यू जर्सीत परवान्याचे पैसे पडत नाहीत, पण फुकट नोंदणी करावी लागते. शेजारच्या राज्यात गेलात तर नियम वेगळे, आधी बघून जा.

केर्न्सकर

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधून. जिताड्याची मोठी मोठी नावं इथे ऐका: बारामुंडी! मासा तोच. खारफुटीची खाडी, चिखल, सुकतीला बारक्या ओहोळांच्या तोंडावर दबा धरणारा मासा, हे सगळं मला पेणच्या खाजणात असल्यासारखंच वाटलं. पेणला शिकलेली जागा ओळखायची नजर इथे जशीच्या तशी उपयोगी पडली.

बदललं ते दोन बाबतीत. एक, नियम. ५८ सेंटीमीटरपेक्षा लहान आणि १२० पेक्षा मोठा ठेवायचा नाही. लहान कळतं, पण मोठा का सोडायचा? तर हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे मोठे सगळे अंड्यांवरचे. पूर्व किनाऱ्यावर १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी पूर्ण बंदी. पेणमध्ये मोठ्या जिताड्याचा फोटो वर्तमानपत्रात यायचा, इथे तो पाण्यात परत जातो.

दोन, मगर. खाऱ्या पाण्यातली. काठावर गुडघाभर पाण्यात उभं राहून गरवायची माझी सवय पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्याने मोडली. काठापासून निदान पाच मीटर मागे राहायचं, मासा साफ केल्यावर आतडी काठावर टाकायची नाहीत, रोज एकाच जागी बसायचं नाही.

चिंबोरी

मालवणला मगर नाही, पण शिंगाळा आहे. खाडीवाला, तुला माहीत असणारच, पण नवीन वाचणाऱ्यांसाठी: शिंगाळ्याला तीन काटे, एक पाठीवर, दोन बाजूंना कल्ल्यामागे. मासा तडफडला की तिन्ही ताठ उभे राहतात. हाताने धरायचाच नाही, ओला फडका टाकून पकडीने गरी काढा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, अर्धा ते दीड तास. उष्णतेने ते विष निकामी होतं आणि ठणका उतरतो. काटा आत मोडला असेल किंवा सूज वाढली तर थेट डॉक्टर. पाकटाच्या काट्यालाही हेच.

पागनीस

एक राहिलं. मालवणात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा भाग सागरी अभयारण्यात येतो, १९८७ पासून. नवीन माणसाने तिथे गळ टाकायच्या आधी वनखात्याकडे विचारावं. पर्यटक टाकताना दिसतात म्हणून आपणही टाकू नये.

आणि तुटलेला तंगूस कातळावर सोडून येऊ नका रे. तो कुजत नाही, पक्ष्यांच्या पायात गुंततो.

खाडीवाला

सगळ्यांचे आभार. आता ठरलं ते असं: जड शिसं आणि जाड तंगूस डब्यात बंद, उरणला सुट्टीत गेलो की वापरेन. सात फुटी रॉड आहे त्यावरच २५ पौंडी ब्रेडेड आणि ४० पौंडी लीडर. कातळावर स्पार्क प्लग, खाडीत जिवंत कोळंबी. एक-दोन मेटल जिग घेतो, गरीवाल्यांनी रागावू नये. एकच शंका, इतकं हलकं सामान दक्षिणेचा वारा सुटला की लांब जाणार कसं?

गरीवालो_देवगड

लांब कित्याक जाऊक व्हया? मासो कातळाच्या बुडाक आसता, तू आफ्रिकेक फेकतंय. पायाखालच्या कपारीत सोड, दोरी बोटार धर. वारो जास्त आसलो तर खाडीत जा, थयसर आडोसो मिळता. आणि शेवाळ धरलेल्या कातळार रबराची चप्पल घालून येव नको. खरबरीत तळाचे बूट घाल, लाटेकडे पाठ करून उभो ऱ्हवू नको.

येत्या एकादशीक पहाटे मी आचऱ्याच्या बाजूक येतंय. व्हया तर ये. जिग हाडलंस तरी चलात, माका नको दाखवू.

डोलकरीण

आणि पुळणीवर कुठे रापण पडलेली दिसली तर तिच्या घेरात गरी टाकायची नाही, जाळ्यात गरी अडकली तर शिव्या खाशील. त्यापेक्षा दोर ओढायला हात लाव. जाताना चार बांगडे हातात ठेवतात.

ताटावरचा_रसिक

त्याला तिरफळ!